हस्तिदंत आणि त्याचे गिऱ्हाईक

एखाद्या निषिद्ध वस्तूच्या व्यापाराचा बंदोबस्त करावयाचा म्हटला, की राज्यकर्त्यांची दृष्टी प्रथम माल पुरविणाऱ्याकडे वळते, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण माल पुरविणारा इसम जंगलात, बंदरात किंवा सरहद्दीच्या नाक्यावर मुद्देमालासह सापडू शकतो, त्याच्या वाटांवर पहारे बसविता येतात, त्याचा ऐवज जप्त करता येतो आणि त्याला फौजदारी न्यायालयापुढे उभे करता येते. ज्याच्या हौसेखातर तो माल निघालेला असतो तो गृहस्थ मात्र हजारो मैल दूर, आपल्या दिवाणखान्यात, चारचौघांत प्रतिष्ठित म्हणून बसलेला असतो, आणि आपण कोणत्याही गुन्ह्यात सामील आहो अशी पुसट शंकाही त्याच्या मनाला शिवलेली नसते. हस्तिदंताच्या बाबतीत हा प्रकार फार दीर्घकाळ चालला. आफ्रिकेतील वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी युरोपातील वसाहतवाल्या सत्तांनी १९०० साली लंडनमध्ये करारनामा केला, तेव्हापासून शिकारीचे परवाने, बंदरांतील झडत्या आणि वनरक्षकांच्या बंदुका यांवर खल झाला, कायदे झाले, पैसा खर्ची पडला. परंतु दंताचे गिऱ्हाईक कोण, ते तो का विकत घेते, आणि त्याने घेऊ नये म्हणून त्याच्याशी काय बोलावे, हा प्रश्न गंभीरपणे विचारला जाण्यास विसाव्या शतकाची अखेर यावी लागली. प्रस्तुत संग्रहातील लेख या गिऱ्हाइकाविषयी आणि त्याचे मन वळविण्यासाठी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत निघालेल्या मोहिमांविषयी आहेत.

या मोहिमांना लोकजागृती म्हणण्याची वहिवाट पडली आहे. ते नाव सोईचे खरे, परंतु विकत घेणारा अज्ञानी आहे आणि त्याला वस्तुस्थिती कळली की तो आपोआप थांबेल, असे त्यात गृहीत धरलेले असते. आणि हे गृहीत अंशतःच खरे आहे. हे लेख वाचून माझे जे मत अधिक दृढ झाले ते असे, की हस्तिदंत विकत घेणारा मनुष्य बहुधा केवळ स्वतःच्या उपभोगासाठी घेत नाही. वरिष्ठाची मर्जी संपादावी, मुलीच्या लग्नात कमीपणा येऊ नये, देवाची मूर्ती यथासांग व्हावी, घरी आलेल्या पाहुण्याने दोन शब्द बरे बोलावे, अशा कारणांनी तो घेतो. म्हणजे त्या वस्तूचे मोल तिच्यात नसून ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते. म्हणून मेलेल्या हत्तीचे चित्र दाखवून ज्या मोहिमा थांबल्या त्यांनी मुख्यतः अशांची अंतःकरणे हेलावली, की जे हस्तिदंत विकत घेणारच नव्हते. ज्या मोहिमांनी भेट देणाऱ्याला ती भेट ओशाळवाणी वाटेल अशी परिस्थिती निर्माण केली, आणि ज्यांच्या पाठीशी सरकारी हुकमाचे बळ उभे राहिले, त्यांच्या पदरी काही तरी पडले.

हा सगळा परक्यांचा प्रपंच आहे असे मानून मराठी वाचकाने निश्चिंत होण्याचे कारण नाही. सांचीच्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी आपण हे काम केल्याचा लेख कोरून ठेवला आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या कारागिरांची श्रेणी दगडाच्या तोरणाला देणगी देण्याइतकी सधन व संघटित होती. पॉम्पेईच्या राखेखालून १९३८ साली निघालेली हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती प्रसिद्धच आहे; तिच्याशी जवळचे नाते सांगणाऱ्या लहान मूर्ती आपल्याकडे भोकरदनला आणि तेरला मिळाल्या, यावरून सातवाहनांच्या काळी दख्खनच्या पेठांतही हा माल कोरला वा विकला जात होता असे समजण्यास हरकत नाही. पुढे पोर्तुगीज अमदानीत गोव्यात मेंढपाळाच्या वेषातील बाल येशूच्या हस्तिदंती मूर्ती घडू लागल्या. पायथ्याशी मेंढरे, मध्ये कारंजे, त्यावर कपऱ्यांचा डोंगर आणि शिखरावर गालाला हात लावून डोळे मिटून बसलेले मूल, असा तो घाट असे. धर्म पश्चिमेकडचा, बैठक ध्यानस्थ बुद्धाची आणि हात इथल्या कारागिराचा. त्या मूर्तींच्या पुढे उभे राहिले की कलेची स्तुती करावी की कच्च्या मालाची चौकशी करावी, असा पेच पडतो, आणि तो प्रामाणिक पेच आहे. कारागिरी उत्तम होती हे नाकारून या चर्चेत काहीच साधत नाही. उलट प्रचारकांनी ते नाकारले तेथे कारागिरांनी त्यांना दारातूनच परतवून लावले.

मुंबईचा संबंध तर अधिक रोकडा आहे. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेचा दंत झांजीबारला गोळा होई आणि तेथून गलबतांनी मुंबईस येई. झांजीबारच्या सुलतानाच्या जकातीचा मक्ता कित्येक वर्षे जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. मुंबईस उतरलेल्या मालापैकी काही लंडनला आणि चीनला रवाना होई, आणि उरलेला गुजरात, काठेवाड, कच्छ व मारवाड या प्रांतांत चुड्यासाठी खपे. वधूच्या हाती हस्तिदंती चुडा भरण्याची तिकडची रीत होती, आणि ते चुडे सासूकडून सुनेकडे जात नसत. वैधव्य आले की फोडले जात, नाही तर सौभाग्यवतीबरोबर चितेवर जात. त्यामुळे सोन्याप्रमाणे तोच माल पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहील अशी सोय नव्हती. प्रत्येक लग्नाला नवा दंत लागे. आपल्या देशातल्या हत्तींच्या दंतांनी ही गरज भागत नसे, शिवाय आफ्रिकेचा दंत आकाराने मोठा आणि कातण्यास मऊ, म्हणून चुडगर त्यालाच पसंती देत. मराठी मुलखात नवरीच्या हाती हिरव्या काचेचा चुडा भरण्याची चाल असल्याने हत्तींच्या हत्येत आपला वाटा कमी राहिला, एवढेच. त्यात आपल्या भूतदयेचा संबंध नाही. आमच्या वाड्यांतूनही सोंगट्यांचे फासे, फणी, कुंकवाची डबी, बुद्धिबळाचे मोहरे हे हस्तिदंताचे असले तर ते मुद्दाम काढून दाखविले जातच.

पश्चिमेकडे मागणी निराळ्या वाटेने वाढली. घरोघरी पियानो आला आणि त्याच्या पट्ट्यांसाठी अमेरिकेतील कनेटिकट प्रांतात झांजीबारच्या दंतावर दोन गावे उभी राहिली, त्यांतील एकाने आपले नावच आयव्हरीटन असे ठेवले. बिलियर्डचे चेंडू तर दंताच्या अगदी मधल्या, निर्दोष भागातूनच काढावे लागत. माल महागला तेव्हा न्यूयॉर्कच्या एका बिलियर्डवाल्या कंपनीने १८६३ च्या सुमारास पर्याय शोधणाऱ्यास दहा हजार डॉलरचे इनाम जाहीर केले, आणि त्याच्या मागे लागून जॉन हायट या मुद्रकाने सेल्युलॉइड सिद्ध केले. हत्तीवर उपकार करण्याचा यात कोणाचाच उद्देश नव्हता. तथापि मागणीच्या इतिहासात ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण बिलियर्ड खेळणाऱ्यास हस्तिदंताशी प्रयोजन नव्हते, चेंडू नीट घरंगळण्याशी होते. जेथे वस्तूचे प्रयोजन उपयोगाचे असते तेथे पर्याय पुरतो. जेथे ते मानाचे असते तेथे पर्याय दिला की मूळ वस्तूचा दिमाख उलट वाढतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९७० नंतर, दंताचे भाव चढत गेले आणि आफ्रिकेत बंदुका स्वस्त होत गेल्या. १९७९ च्या सुमारास आफ्रिकेत अंदाजे तेरा लक्ष हत्ती होते. दहा वर्षांत ती संख्या सहा लक्षांवर आली. आशियाई हत्ती १९७५ पासूनच ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे व्यापारास बंदी असलेल्या वर्गात होता. आफ्रिकी हत्ती त्यात नव्हता. तो त्यात यावा म्हणून १९८८-८९ मध्ये इंग्लंड-अमेरिकेत जी चळवळ झाली, तीच मागणीवर थेट घाव घालणारी पहिली मोठी मोहीम होय. हस्तिदंत हत्तीलाच शोभतो अशा आशयाची घोषणा अमेरिकेत गाजली आणि गळ्यात हस्तिदंती मणी घालून मेजवानीस जाणाऱ्या स्त्रीकडे लोक डोळे वटारून पाहू लागले. १९ जुलै १९८९ रोजी केनियाचे अध्यक्ष दानियल अराप मोई यांनी नैरोबीच्या राष्ट्रीय उद्यानात बारा टन दंताच्या ढिगाला आग लावली. हस्तिदंत सहजी जळत नाही; ढिगाला ज्वालाग्राही द्रव्यांची आणि इंधनाची जोड द्यावी लागली. केनियाच्या वन्यजीव खात्याचे प्रमुख रिचर्ड लीकी यांनी योजलेला तो देखावा होता, आणि देखावा म्हणूनच तो अजोड ठरला. गरीब देश लक्षावधी डॉलरांचा ऐवज जाळतो हे दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या गिऱ्हाइकाच्या मनात त्या वस्तूच्या किमतीविषयी जी खळबळ उडाली ती कोणत्याही पत्रकाने उडाली नसती. त्याच वर्षी ऑक्टोबरात लोझानच्या परिषदेने आफ्रिकी हत्ती पहिल्या परिशिष्टात घातला. युरोप-अमेरिकेची बाजारपेठ एवढ्या जलद कोसळली, की हा प्रश्न आता निकाली निघाला असे पुष्कळांस वाटले.

तो निकाली निघाला नव्हता. आफ्रिकेच्या दक्षिणेकडील बोत्सवाना, नामिबिया व झिंबाब्वे या देशांचे म्हणणे निराळे होते. आमच्याकडे हत्ती वाढले आहेत, ते शेते तुडवितात, माणसे मारतात, नैसर्गिक मरणाने मेलेल्यांचे दंत आमच्या कोठारांत साठून आहेत, ते विकून आम्ही वनरक्षणाला पैसा का उभारू नये, असा त्यांचा सवाल होता, आणि तो आजही आहे. नुसत्या बोत्सवानात एक लक्ष तीस हजारांवर हत्ती आहेत. दूरच्या शहरांत बसून हत्तींसाठी गहिवरणाऱ्यांनी, ज्याची ज्वारी हत्तीने एका रात्रीत फस्त केली त्याच्या दाराशी एकदा जाऊन यावे, असे त्यांचे प्रतिनिधी परिषदांतून सांगतात तेव्हा त्याला धड उत्तर मिळत नाही. आपल्याकडे दोडामार्गच्या किंवा चंदगडच्या शेतकऱ्यास त्या बोलण्यातला कडवटपणा तत्काळ उमगेल. तडजोड म्हणून १९९९ मध्ये सुमारे पन्नास टन दंत जपानला आणि २००८ मध्ये सुमारे शंभर टन चीन व जपान यांना विकण्यास अनुमती मिळाली. या विक्रीने चोरट्या व्यापारास ऊत आला की तो आधीच येत होता, यावर अर्थशास्त्रज्ञांत अद्याप खडाजंगी चालू आहे आणि तिचा निवाडा मी करू जाणार नाही. परंतु गिऱ्हाइकाच्या दृष्टीने पाहता एक परिणाम निर्विवाद आहे: सरकारी परवान्याची दुकाने उघडी असताना वस्तू निषिद्ध आहे असे लोकांना पटविणे अशक्यप्राय झाले. चीनने तर २००६ मध्ये हस्तिदंताच्या कोरीव कामास राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले होते. अधिकृत मालाच्या प्रत्येक नगाबरोबर छायाचित्राचे एक प्रमाणपत्र देण्याची तेथे पद्धत होती. कित्येक दुकानदार ते गिऱ्हाइकास देतच नसत, त्याची आपणांस गरज नाही असे गोड बोलून ठेवून घेत, आणि तेच कागद पुढे चोरट्या मालाला लावीत. बंदी मोडण्यासाठी खोटे दस्तऐवज करावे लागतात हे ठाऊक होते, पण येथे अस्सल दस्तऐवजानेच ते काम साधले. २०१० ते २०१२ या तीन वर्षांत आफ्रिकेत सुमारे एक लक्ष हत्ती दंतासाठी मारले गेले असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

चीनमधील मोहिमांना या संग्रहात सर्वांत अधिक पाने मिळाली आहेत, आणि ते योग्यच आहे. ‘इंटरनॅशनल फंड फॉर ॲनिमल वेल्फेअर’ या संस्थेने २००७ साली केलेल्या पाहणीत दहांतील सात चिनी नागरिकांना हस्तिदंतासाठी हत्ती मारावा लागतो हेच ठाऊक नव्हते. मुलाचे दुधाचे दात पडावेत तसा हत्तीचा दात पडत असावा आणि कोणी तरी तो उचलून आणीत असावे, अशी पुष्कळांची समजूत होती. वस्तुतः दंताचा सुमारे एकतृतीयांश भाग कवटीत रुतलेला असतो, आणि सबंध दंत हवा तर जनावर मारून चेहरा तोडण्यावाचून चोरास गत्यंतर नसते. त्या संस्थेने मग जे भित्तिपत्रक केले त्यात रक्ताचा थेंबही नव्हता. माळावरून एक हत्तीण आणि तिचे पिल्लू चालले आहे. पिल्लू आनंदाने सांगते की आई, मला दात आले. आई काही बोलत नाही. पिल्लू पुन्हा विचारते, तुला आनंद नाही का झाला? खाली, या दातांसाठीच हत्ती मारले जातात, हे चार ओळींत सांगितलेले. भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर आणि विमानतळांवर हे पत्रक लागले. ज्या समाजात घराघरांत एकुलते एक मूल वाढत होते तेथे मुलाचा पहिला दात ही केवढी वार्ता असते, हे ज्याला समजले त्याने ते पत्रक लिहिले, आणि माझ्या मते ते या सबंध वाङ्‌मयातील सर्वांत शहाणे पान आहे. परंतु तेही अज्ञानी माणसासाठीच होते. जाणून-सवरून घेणाऱ्याचे काय, हा प्रश्न त्याने सुटत नव्हता.

त्या दुसऱ्या प्रश्नाकडे ‘वाइल्डएड’ या संस्थेने आपला मोर्चा वळविला. बास्केटबॉलपटू याओ मिंग याने २००६ साली शार्क माशाच्या परांचे सूप सोडल्याचे जाहीर केले होते आणि त्याचा परिणाम मेजवान्यांवर दिसला होता. तोच २०१२ मध्ये केनियास गेला आणि सोंड-दंत उपटलेल्या हत्तीच्या कलेवराशेजारी खाली मान घालून उभा राहिला. साडेसात फूट उंचीचा, सर्व राष्ट्राचा लाडका पुरुष तसा उभा असलेला चित्रात पाहिला की दर्शकाची लाज जागी होते, दया नव्हे. दयेचे काम त्या कलेवराने आधीच केलेले असते. पुढल्या वर्षी नटी ली बिंगबिंग ही संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या वतीने केनियास जाऊन आली. खरेदी थांबली की हत्याही थांबेल, हे वाइल्डएडचे घोषवाक्य सरकारी दूरचित्रवाणीवर विनामोबदला झळकू लागले. आणि चीनसारख्या देशात सरकारी वाहिनी जे बोलते ते सरकारला मान्य असते, हे प्रेक्षकाला कोणी सांगावे लागत नाही.

याचे फळ काय मिळाले, हे मोजण्याचे किचकट काम एस्मंड ब्रॅडली मार्टिन आणि ल्युसी व्हिग्ने या दोन संशोधकांनी केले. ही मंडळी गिऱ्हाईक होऊन पेठेत हिंडत, दुकानात कोणकोणते नग मांडले आहेत ते मोजीत, भाव विचारीत, घासाघीस करीत. त्यांनी टिपलेल्या दरांप्रमाणे चीनमध्ये कच्च्या दंताचा घाऊक भाव २०१४ च्या आरंभी किलोस सुमारे २,१०० डॉलर होता. २०१५ च्या अखेरीस तो १,१०० वर आला आणि २०१७ च्या आरंभी ७३० वर. आकडे बोलके आहेत, परंतु ते कोणाच्या बाजूने बोलतात हे सांगणे सोपे नाही. याच काळात चिनी अर्थव्यवस्थेचा वेग मंदावला होता, आणि शी जिनपिंग यांनी लाचलुचपतीविरुद्ध जी धरपकड आरंभिली होती तिच्या धाकाने अधिकाऱ्यास नजराणा देण्याची प्रथाच आटत चालली होती. हस्तिदंत हा त्या नजराण्यातला मानाचा जिन्नस. तेव्हा भाव उतरला तो याओ मिंगच्या चित्राने, की भेट स्वीकारताना साहेबाचा हात कापू लागला म्हणून? संग्रहातील एका लेखाचा कल सगळे श्रेय प्रचाराला देण्याकडे आहे आणि मला तो पटत नाही. प्रचाराने अशी हवा तयार केली की सरकारला बंदी घालणे अवघड गेले नाही, इतके मात्र मी मान्य करीन, आणि ते काही थोडे नव्हे. ३१ डिसेंबर २०१७ पासून चीनने देशांतर्गत व्यापार बंद केला. परवान्याचे कारखाने व दुकाने टप्प्याटप्प्याने मिटली. हाँगकाँगने २०२१ च्या अखेरीस तेच केले. मार्टिन यांना तो परिणाम पाहता आला नाही. ४ फेब्रुवारी २०१८ रोजी नैरोबीत त्यांच्या राहत्या घरी त्यांचा खून झाला.

बंदीनंतर दरसाल झालेल्या पाहण्यांत घेणाऱ्यांचे प्रमाण घटलेले दिसते, मात्र एक वर्ग बधला नाही: वरचेवर परदेशी जाणारे सुखवस्तू प्रवासी. बीजिंगमध्ये जे मिळत नाही ते लाओसच्या पर्यटनस्थळी मिळते, आणि गळ्यातला मणी कोणत्याही नाक्यावरून पार होतो. मार्टिन व व्हिग्ने यांनीच २०१७ मध्ये लाओस ही जगातील सर्वांत वेगाने वाढणारी पेठ म्हणून दाखविली होती, आणि तेथले गिऱ्हाईक बहुतांशी चिनी होते.

थायलंडची कथा लहान, पण चतुर आहे. तेथे पाळीव हत्तींचा दंत विकणे कायदेशीर होते, आणि त्याच्या आडून आफ्रिकेचा माल खपे. २०१५ च्या जानेवारीत नवा कायदा येत असताना तेथील प्रचारकांनी लोकांना आवाहन केले की, बालवाचनात हत्तीच्या चित्रासह शिकविले जाणारे अक्षर आपल्या नावातून गाळून टाका. हत्ती गेला तर ते अक्षरही गेले असे समजा. लोक आपापली तुटकी नावे मिरवू लागले. त्याच वर्षी दंत बाळगणाऱ्यांनी नोंद करावी असा हुकूम सुटला तेव्हा दोनशे टनांहून अधिक माल दप्तरी दाखल झाला. तोपर्यंत तो घराघरांत निमूटपणे पडून होता. फिलिपाइन्समध्ये मामला याहून नाजूक होता, कारण तेथले गिऱ्हाईक भाविक होते. सेबूच्या बाल येशूला हस्तिदंताचे मुख आणि हात असावेत ही श्रद्धा. सरकारने २०१३ च्या जूनमध्ये जप्त केलेला पाच टन दंत रोडरोलरखाली घातला. चिरडलेल्या दंताचे चित्र भाविकाला काय शिकविते, याची मला शंका आहे; धर्मगुरूने मूर्ती लाकडाची असली तरी पावन असते असे व्यासपीठावरून सांगितले, तर त्याचा उपयोग अधिक व्हावा.

आपल्या देशाचे उदाहरण उलट क्रमाचे आहे आणि त्याची चर्चा या संग्रहात व्हावयास हवी होती तेवढी झालेली नाही. येथे प्रचार मागाहून आला, कायदा आधी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हत्ती १९७७ मध्ये पहिल्या अनुसूचीत गेला; १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हत्तीच्या दंताचा व्यापार बंद झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकेतून आणलेल्या दंताचाही. व्यापाऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली; आमच्याकडील साठा कायदेशीर असताना खरेदी केलेला आहे, हा त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, परंतु २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली. चुडगरांनी मग प्लॅस्टिक कातायला घेतले, आणि पंजाबपासून मारवाडपर्यंतच्या नवऱ्या लाखेच्या व प्लॅस्टिकच्या चुड्यांनी तितक्याच नटल्या. शेकडो वर्षांची मागणी एका पिढीत विझली, आणि त्यासाठी कोणा नटाला जंगलात जावे लागले नाही. मात्र याचे मूल्य कोणी दिले हेही सांगितले पाहिजे. मुर्शिदाबादचे, तिरुवनंतपुरमचे, दिल्लीचे कोरक्ये हाड, लाकूड आणि चंदन यांकडे वळले. ज्याला एकाच दंतात एकात एक फिरणारे गोळे कोरता येत होते त्याला उंटाच्या हाडाच्या आंगठ्या घासाव्या लागल्या. आणि चोरटी शिकार थांबली असेही नाही. आपल्याकडे दंत केवळ नरालाच असतात, त्यामुळे केरळातील पेरियारच्या अरण्यात एके काळी शंभरांहून अधिक माद्यांमागे एक मोठा नर उरला होता. मागणी देशात आटली तरी बाहेर जिवंत होती, आणि माल तिकडे वाहत गेला. जुन्या घरातल्या फाशांविषयी वाचकांस एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो: असा जिन्नस वारशाने बाळगता येतो तो मालकीचे प्रमाणपत्र असेल तरच, आणि विकता तर मुळीच येत नाही, जुन्या बाजारात त्याला भाव विचारणे हाच गुन्ह्याचा आरंभ समजावा.

शेवटी जपान. १९८० च्या दशकात जगातला सर्वांत मोठा दंतग्राहक हाच देश होता, आणि देशांतर्गत व्यापार कायदेशीर ठेवणाऱ्यांत आज तोच प्रमुख आहे. तेथे दंताचा मोठा भाग वैयक्तिक शिक्क्यांसाठी जातो. बँकेत खाते उघडताना, घर घेताना, दस्तावर सहीच्या जागी तो उमटवायचा असतो. सबंध दंताची नोंद सक्तीची, तुकड्याची नाही, त्यामुळे एकदा कापलेला माल कोठून आला हे कोणी विचारीत नाही. या गिऱ्हाइकापाशी चीनमधली युक्ती चालत नाही, कारण शिक्का कोणी मिरवीत नाही. तो आयुष्यात एकदा घेतला जातो, बाप मुलाला नोकरी लागली म्हणून देतो, आणि मग तो कपाटात राहतो. लाज वाटावी तर पाहणारा कोण? प्रचारकांनी तेथे गिऱ्हाइकाला सोडून दुकानदाराला गाठले, आणि राकुतेन या मोठ्या पेठेने २०१७ मध्ये व याहू जपानने २०१९ मध्ये आपल्या संकेतस्थळांवरून हस्तिदंत काढून टाकला. पण याहून मोठी घटना कदाचित २०२० साली घडली, जेव्हा प्रशासकीय सुधारणांचे मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कामकाजातील बहुतेक अर्जांवर शिक्का उमटविण्याची अट रद्द करण्याचे फर्मान काढले. हेतू कारकुनांचा वेळ वाचविण्याचा होता, हत्तींचा उल्लेख त्यात कोठेही नव्हता. शिक्के खोदणाऱ्यांच्या संघांनी त्यावर जी ओरड केली ती पाहता, त्या हुकमाची मजल कोठवर पोचेल याचा अंदाज त्या व्यवसायाला मंत्र्यांच्या आधी आला असावा.